विहिरीतला सरदार: श्रुतिकेच्या कामाच्या नोंदी

२६ मे

आज कामाला हात घातला. बेडूक झालेल्या राजपुत्राची गोष्ट आपल्या मातीतली करून लिहायची, साधारण चाळीस मिनिटांची श्रुतिका, नुसती कानाने ऐकायची, मोबाईलवर. एप्रिलमध्ये आम्ही साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर बघायला गेलो होतो तेव्हापासून हे डोक्यात आहे. विहिरीच्या आत महाल आहे तिथे, पायऱ्या उतरून कमानीतून गेलं की दगडी खांब, बसायची जागा, आणि कठड्यावरून वाकलं की खाली हिरवं पाणी. मी वाकले आणि खालच्या कपारीतून एक बेडूक डुबुक करून पाण्यात गेला. मला एकदम वाटलं की हा इथला मालक असणार, पाहुणे आले म्हणून आत निघून गेला. तेवढंच झालं पण ते डोक्यातून जाईना.

आवाज तीन. रखमा म्हणजे नायिका, तो आवाज भाचीचा. बेडकाचा आवाज शेजारच्या दादाचा, दिवसभर रिक्षा चालवतो पण भजनी मंडळात उभा राहिला की माईक लागत नाही. आणि म्हातारा हुजऱ्या सिदू, त्याच्यासाठी नाना, म्हणजे माझे वडील. नानांना अजून विचारलेलं नाही. गणपतीच्या आधी पूर्ण करायचं. मी पतसंस्थेत दिवसभर, त्यामुळे संध्याकाळी आणि रविवारी जमेल तेवढंच.

२९ मे

मूळ जर्मन गोष्ट नीट वाचली. ग्रिम बंधूंनी १८१२ साली जो पहिला संग्रह काढला त्यात ही पहिल्याच नंबरला आहे. आणि त्यात पापा नाहीच! लहानपणापासून आपण ऐकत आलो की राजकन्येने बेडकाचा पापा घेतला आणि तो राजपुत्र झाला, पण ग्रिमकडे ती वैतागून त्याला भिंतीवर फेकते आणि खाली पडताना तो माणूस होतो. १८२३ साली इंग्रजीत आली तेव्हा फेकणंही काढून टाकलं, तिथे बेडूक तीन रात्री तिच्या उशीवर झोपतो आणि तिसऱ्या सकाळी राजपुत्र उभा. पापा नंतरचा.

मला मात्र सगळ्यात जास्त तो हाइनरिश लागला. राजपुत्राचा नोकर. मालक बेडूक झाला या दुःखाने काळीज फुटू नये म्हणून त्याने छातीला तीन लोखंडी पट्ट्या आवळून घेतल्यात. शेवटी दोघांना घेऊन गाडी निघते तेव्हा कडाड आवाज येतो, राजपुत्र म्हणतो गाडी मोडली, आणि हाइनरिश म्हणतो गाडी नाही, माझ्या काळजावरची पट्टी तुटली. असं तीनदा. आनंदाने तुटतात त्या. गोष्टीच्या मूळ नावातसुद्धा तो आहे आणि सांगता सांगता लोकांनी त्यालाच गाळून टाकलं. माझ्या गोष्टीत तो राहणार, हे पहिलं पक्कं.

३० मे

सोन्याचा चेंडू नको. आपल्याकडची कुठली पोर विहिरीवर सोन्याचा चेंडू खेळत बसणार? रखमा मोटेवरच्या गड्याची मुलगी. तिच्या मेलेल्या आईची नथ विहिरीत पडते. नथ बोटाएवढी, विहीर शंभर फूट. चेंडू निदान पडताना दिसतो तरी, नथ दिसतच नाही, नुसता टिपकन आवाज.

काळ शाहू महाराजांच्या वेळचा धरलाय, ते १७०८ साली साताऱ्याला गादीवर बसले त्यानंतरची वीसेक वर्षं. लिंबची विहीर त्याच काळातली, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली, तसा शिलालेख आहे तिथे. पण गोष्टीतली विहीर ती नाही, हे सुरुवातीच्या निवेदनातच सांगायचं. माझ्या सरदाराने एक वाईट गोष्ट केलेली आहे आणि ती वीरूबाईंच्या विहिरीच्या माथी मारायची नाही.

वाईट गोष्ट अशी: दुष्काळाचं साल, विहिरीला पाणी आहे, सरदाराने गावाला पाणी बंद केलं, आमराई जगली पाहिजे म्हणून. एक म्हातारी तांब्या घेऊन आली तर म्हणाला ही विहीर माझी आहे. ती म्हणाली, "तुझी हाय न्हवं? मग ऱ्हा हितंच." झालं, बेडूक.

२ जून

नानांना विचारलं. आधी नको म्हणाले, माझा आवाज कशाला, घसा बसलाय. मग मी मोटेचं विचारत बसले. नाना आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दहा-बारा वर्षांचे असताना मोट हाकलेली आहे त्यांनी. दीड तास बोलले. सगळं मोबाईलवर घेतलंय, पण वापरायचंय ते इथे लिहून ठेवते.

मोट चामड्याची, तिला खाली सोंड. जाड दोर तो नाडा, तो वरच्या मोठ्या चाकावरून जातो, आणि सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैल उतारावरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते, आणि थारोळ्यापाशी आली की सोंड मोकळी होऊन पाणी धडाड्दिशी थारोळ्यात, तिथून पाटाने रानात. मग बैल त्याच उतारावर उलट्या पावलांनी मागे यायचे. त्या उताराला धाव म्हणायचं. नाना म्हणाले बैलाला मागे चालायला शिकवणं हेच खरं काम, पुढे काय कुणीही चालतं.

आणि मग बोलता बोलता म्हणाले गाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिलाही धावच म्हणतात. मी उठून उभीच राहिले. हाइनरिशच्या पट्ट्या! सिदूच्या काळजाला तीन धावा. गाडी चाललीय, कडाड आवाज, सरदार म्हणतो "सिदू, चाकाची धाव तुटली का रं?" आणि सिदू म्हणतो, "न्हाय धनी, चाकाची न्हाय, माझ्या काळजाची." जर्मन गोष्टीतला हा संवाद मराठीत जणू आधीपासून पडूनच होता, मला फक्त उचलायचा होता. नानांना वाक्य म्हणून दाखवलं. ते म्हणाले "बघू." म्हणजे हो.

९ जून

लिंबला जाऊन आले, सकाळी साडेसहाला, गर्दीच्या आधी. (दादाने मित्राला लिंब सांगितलं तर तो पालखीच्या रिंगणाचा चांदोबाचा लिंब समजून लोणंदकडे निघाला होता, फोन करून परत फिरवला. हे लिंब साताऱ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर, पुण्याच्या हायवेने, नागेवाडीपासून आत.) विहीर अष्टकोनी, वरून शिवलिंगाच्या आकाराची, साधारण ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. वर मोटांच्या जागा अजून दिसतात, बारा मोटा एका वेळी चालायच्या म्हणजे चोवीस तरी बैल धावेवर, काय आवाज असेल तो.

दादाने महालाच्या कठड्यावरून पाण्यावर "रखमा" अशी हाक मारली. परत येणारा आवाज जाड होऊन येतो, गोल होऊन, आणि शेवटचा मा लांबतो. रेकॉर्ड केलं तेव्हा बरं वाटलं पण घरी हेडफोन लावून ऐकलं तर पारव्यांचा फडफडाट इतका की दहापैकी दोन हाका वापरता येतील. पारवे खरं तर हवेच आहेत मला, विहीर म्हटली की पारवे आलेच, फक्त संवादाच्या खाली नकोत.

घरी रांजणाचा प्रयोग केला. आईचा जुना मातीचा रांजण माळ्यावर होता, तो खाली काढला, आडवा ठेवला, दादा तोंड आत घालून बोलला आणि माईक आत बुडापाशी. जवळजवळ विहिरीसारखाच येतो आवाज! सगळे संवाद लिंबला जाऊन घेणं शक्यच नाही, त्यामुळे सरदार रांजणातून बोलणार.

१२ जून

पाऊस आला. काल संध्याकाळी वळवासारखा वाजतगाजत सुरू झाला तो रात्रभर. अकरा वाजता कृष्णेकडच्या उसाच्या बांधावरून दादाचा फोन, ताई लवकर या, पिवळे झालेत.

गेले. रेनकोट, बॅटरी, माईकवर प्लास्टिकची पिशवी. चारीत पाणी साठलेलं आणि त्यात ते मोठे बेडूक, ज्यांना इंडियन बुलफ्रॉग म्हणतात, एरवी शेवाळी-मातकट असतात, दगडासारखे, दिसतसुद्धा नाहीत. उन्हाळाभर जमिनीत पुरून घेतलेले असतात. पहिला मोठा पाऊस झाला की नर पिवळे होतात, म्हणजे लिंबासारखे पिवळे, बॅटरी मारली तर डोळ्यात भरतात, आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे, ओरडताना फुगतात. हा रंग फार दिवस टिकत नाही, जोडीदारीण मिळेपर्यंतचे काही दिवस, मग परत मातकट.

मी बांधावर बसून एवढंच बघत होते. हळद लागलीय याला. नवरदेव बसलाय पाटावर. सांगलीच्या बाजारातली हळद असते ना ओली केलेली, तोच रंग. इतकी वर्षं या गोष्टीची चित्रं बघितली आणि प्रत्येक चित्रात बेडूक हिरवा, डोक्यावर इवलासा मुकुट, आणि इथे आपल्या उसात दर पावसाळ्यात खरा नवरदेव बसलेला असतो. माझा सरदार पिवळा होणार. पहिल्या पावसाच्या रात्री रखमाच्या घरात तो हळदीच्या रंगाचा होतो, त्याला स्वतःला कळत नाही, रखमाला कंदिलात दिसतं. श्रुतिकेत रंग कसा दाखवायचा हा प्रश्न आहेच. रखमा सांगेल. "ह्याला हळद कुणी लावली?" एवढंच वाक्य पुरे.

१३ जून

कालच्या रेकॉर्डिंगबद्दल. आपण हललो की सगळे एकदम गप्प होतात. बॅटरी बंद करून दहा-बारा मिनिटं दगडासारखं बसायचं, मग लांबचा एक सुरू करतो, मग दुसरा, मग सगळेच. चौदा मिनिटांची एक सलग क्लिप मिळालीय, पाऊस थांबलेला असतानाची.

ऋग्वेदात सातव्या मंडलात बेडकांवर अख्खं सूक्त आहे, १०३ वं. त्यात म्हटलंय की वर्षभर व्रत धरून गप्प बसलेल्या ब्राह्मणांसारखे हे पाऊस पडल्यावर बोलायला लागतात, एक गाईसारखा ओरडतो, एक बकऱ्यासारखा, एक ठिपक्यांचा, एक हिरवा, आणि एकाचं बोलणं दुसरा शिष्यासारखा म्हणतो. काल कानाने नेमकं हेच ऐकलं. लांबचा म्हणतो, जवळचा तेच म्हणतो. मिक्स करताना डाव्या कानात एक आणि उजव्या कानात त्याचं उत्तर असं ठेवायचं.

२३ जून

दुसरा खर्डा झाला. जेवणाचा प्रसंग लिहिताना मजा आली. ग्रिमकडे बेडूक राजकन्येच्या ताटात जेवतो. माझ्याकडे चुलीपाशी बसलेलं घर, भाकरी, वरणा, आणि तो रखमाच्या ताटाशेजारी. बेडूक गिळताना डोळे आत ओढून घेतो, डोळ्यांनी घास खाली ढकलतो अक्षरशः, म्हणून बघणाऱ्याला वाटतं प्रत्येक घासाला डोळे मिटतोय. रखमा बापाला म्हणते, "आबा, ह्यो बगा, घासाघासाला देवाचं नाव घेतूय." इथून तिला तो थोडासा माणूस वाटायला लागतो.

आणि पाणी. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून घेतो, पोटाच्या खालच्या बाजूची कातडी ओल शोषते. कोरड्या जागी ठेवला की सुकत जातो. रखमाचं घर सारवलेलं, कोरडं, चुलीची ऊब. पहिल्या रात्री तो सुकायला लागतो आणि मागत नाही, कारण त्याने एकदा तांब्याभर पाणी नाकारलेलं आहे, त्याच्या तोंडून पाणी हा शब्द निघत नाही. रखमा अंधारात उठते, पदर भिजवून त्याच्यावर टाकते. या प्रसंगात संवादच नाहीत, नुसता कळशीचा आवाज, पदर पिळल्याचा आवाज आणि पाऊस. माझ्यासाठी पाप्याच्या जागी हे आहे. हात आधी ओला करून मग धरते ती, कोरडा किंवा मीठ-तेलाचा हात त्याच्या कातडीला सोसत नाही, हे मोटेवरच्या पोरीला माहीत असणारच.

नाना म्हणाले महाभारतातही बेडकीची गोष्ट आहे, वनपर्वात. शोधून वाचली. इक्ष्वाकू कुळातला परिक्षित राजा (कौरवांकडचा परिक्षित वेगळा) रानात एका मुलीवर भुलतो, ती म्हणते लग्न करते पण मला पाणी दाखवायचं नाही. एक दिवस बागेतल्या बावीवर तोच तिला म्हणतो उतर पाण्यात, ती उतरते आणि नाहीशी. राजा चिडून सगळे बेडूक मारायचा हुकूम देतो, तेव्हा बेडकांचा राजा आयु येऊन सांगतो की ती माझीच मुलगी सुशोभना. पाण्यावरून घातलेली अट, मोडलेला शब्द, सगळं आपल्याकडे होतंच की.

३० जून

पहिलं वाचन. आमच्या घरी, सगळे जमिनीवर बसून, चहा, भजी. दोन पानं उरली असताना भाची थांबली. म्हणाली मावशी हे वाक्य मी म्हणणार नाही.

वाक्य होतं: "शब्द दिलाय म्हंजे पाळाया पायजे, तुमी म्हनाल तसं." तिसऱ्या रात्री बेडूक म्हणतो मला उशीशी घे, ती नको म्हणते, बाप म्हणतो नथ आणून दिली तेव्हा शब्द दिला होतास, आणि मग हे वाक्य, आणि सकाळी तो सरदार होऊन उभा. १८२३ च्या गोष्टीसारखं.

मी म्हटलं अगं गोष्टच ती आहे, वचन पाळलं म्हणून शाप सुटला. तर म्हणाली, "तिची नथ विहिरीत पडली होती, रडत होती ती, तेव्हा तिने काय पण कबूल केलं असतं. आणि आता बाप सांगतो म्हणून ऐकायचं आणि बक्षीस काय तर नवरा. यात तिला तो आवडला कधी?" कोणी काही बोललं नाही. माझ्या ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, ताट उचललं आणि आत गेली.

भाचीसाठी स्थळं बघणं चालू आहे, मार्चपासून चार कार्यक्रम झालेत. ती आत्तापर्यंत एकदाही काही बोलली नव्हती, चहाचा ट्रे घेऊन येते, बसते, विचारलं तेवढं सांगते. बेडकाबद्दल मात्र बोलली.

रात्री झोप लागली नाही. तिचं बरोबर आहे.

४ जुलै

चार दिवस एक ओळ लिहिली नाही. कामावर व्हाउचर तपासताना सुद्धा तेच डोक्यात. आज संध्याकाळी पोवई नाक्यावर गाडी लावून उभी होते, पाऊस थांबायची वाट बघत, तेव्हा सुटलं.

सरदार बेडूक झाला तो ही विहीर माझी आहे म्हणाला म्हणून. हक्काचं पाणी धरून बसला. आणि माझ्या खर्ड्यात तो शेवटपर्यंत काय करतोय, तर हक्काचा शब्द धरून बसलाय. तू कबूल केलं होतंस, तू कबूल केलं होतंस. विहीर सुटली आणि शब्द धरला, म्हणजे शिकला काय तो? असा माणूस शाप सुटायच्या लायकीचाच नाही. ग्रिममध्ये ती त्याला भिंतीवर आपटते ते मला आज पहिल्यांदा नीट समजलं, त्या पोरीकडे नाही म्हणायचा दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

म्हणून तिसऱ्या रात्री ती नको म्हणते, बाप ओरडतो, आणि बेडूक म्हणतो, "आबा, तिला बोलू नगा. रखमा, तुजा शब्द तुला माघारी दिला. मला इहिरीवर सोड." एवढंच. ती त्याला ओल्या पदरात घेऊन पावसात विहिरीवर जाते आणि सोडते. डुबुक. शाप इथे सुटतो पण तिला माहीत नाही आणि तोही वर येत नाही, कोणत्या तोंडाने येणार.

मग दिवस जातात. किती ते ठरवायचंय. आणि एक दिवस पहाटे ती स्वतः येते. कुणी सांगितलेलं नाही, शब्द नाही, काही नाही.

भाचीला रात्रीच फोन केला. ऐकलं सगळं. म्हणाली, "मग ती येऊन काय म्हणते?" मी म्हटलं ते तू सांग.

१९ जुलै

बेंदूर. शेरी भागातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे बैलांची मिरवणूक, घुंगरं, घाटी, शिंगांना रंग, झुली. घाट्यांचा आवाज वीस मिनिटं घेतला. बैलजोड्या आता फार कमी राहिल्यात, त्या वस्तीवर दोनच. त्यांच्यापुढे नाना उभे राहिले आणि मोट हाकताना घालायचे तसा आवाज दिला, जिभेने टाळूवर, मग लांब "हो..." असं. एक बैल खरंच कान टवकारून बघायला लागला. आलंय रेकॉर्डिंगमध्ये. कुणीतरी मागे हलगी वाजवत होता ती काढता येत नाहीये, राहू दे.

२८ जुलै

लोहाराकडे. गाडीचं लाकडी चाक घेऊन धाव चढवणारा आता शोधावा लागतो, दादाने शोधला. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, शेणकुटांच्या जाळात लाल करतात, तापली की ती पसरते, मग चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. चर्रर्र आवाज, वाफ, आणि लोखंड आवळतं, लाकडाचे सांधे करकरतात. मी चार फुटांवर माईक धरून उभी होते.

सिदूच्या काळजाला धावा अशाच बसल्या असतील. तापून. आणि मग पाणी पडून आवळलेल्या. हे वाक्य निवेदनात घालावंसं वाटलं, घातलं, मग काढलं. आवाजच ठेवला, तिसऱ्या मिनिटाला, सरदार बेडूक होतो त्या जागी, तीनदा चर्रर्र.

तुटण्याचा आवाज मात्र मिळेना. लोहाराने जुनी गंजकी धाव छिन्नी-घणाने तोडून दाखवली, तो आवाज घण मारल्याचा वाटतो, तुटल्याचा नाही. शेवटी घरी सुकी बाभळीची फांदी मोडली आणि त्याखाली धावेचा झणकारा ठेवला. चालतंय.

३ ऑगस्ट

नानांचे संवाद घेतले. सगळे मिळून अकराच वाक्यं आहेत सिदूला. पहिली आठ घेतली, थांबून थांबून, मध्येच पाणी, मध्येच चष्मा. मग गाडीचा प्रसंग. मी म्हटलं नाना तिन्ही वेळा वेगळं म्हणा, पहिल्यांदा लपवल्यासारखं, दुसऱ्यांदा हसत, तिसऱ्यांदा मोकळं. त्यांनी मान हलवली.

तीनही सलग म्हणाले, एका दमात, मी सांगितलं तसं काहीच केलं नाही. तिन्ही सारखीच. "न्हाय धनी, चाकाची न्हाय." आणि मग तिसऱ्याला "माझ्या काळजाची" म्हणताना आवाज खाली गेला, इतका की मीटरवर काटा हललाच नाही.

मग उठले आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. आईला जाऊन येत्या दिवाळीत तीन वर्षं होतील. नथ आईचीच आहे गोष्टीतली, मी कुणाला सांगितलं नव्हतं, नानांना कळलं असणार. मी दुसरा टेक घेतला नाही. तिसरं वाक्य फार हळू आहे, त्याच्या भोवतीचे सगळे आवाज काढून टाकणार, बैल, चाक, घाट्या, सगळं त्या जागी बंद.

१० ऑगस्ट

शेवटचा प्रसंग रेकॉर्ड केला, घरातच, पंखा फ्रीज बंद करून, रात्री साडेअकराला.

रखमा विहिरीवर येऊन खाली हाक मारते. आतापर्यंत ऐकणाऱ्याला सवय झालीय की सरदाराचा आवाज खालून येतो, गोल, जाड, रांजणातला. ती हाक मारते, खालून तिचाच आवाज परत येतो. परत हाक. परत तिचाच. पारवे. आणि मग तिच्या शेजारून, अगदी जवळून, रांजणाशिवाय, कोरडा, साधा माणसाचा आवाज, "आलो."

दादाने तो एक शब्द सतरा वेळा म्हटला. भजनातला खर्ज काढून टाकायला त्याला फार त्रास झाला, आवाज पाडून बोलायची सवयच नाही त्याला. सतरावा घेतलाय. त्याची बायको बसली होती ऐकत, ती म्हणाली घरात पाणी मागताना असाच बोलतो हा.

विहीर काढून घेतली की माणूस उरतो, ही माझी रूपांतराची पद्धत, यापेक्षा जास्त काही करायचं नाही, ना वीणा ना झांजा.

मग भाचीचं वाक्य. तिने कागद आणला नव्हता. सरदार विचारतो, "शब्द तर माघारी दिला हुता, मग का आलीस?" आणि ती म्हणाली, "शब्द न्हवता म्हनूनच आले. तुमी खाली सुकत न्हाई ना, बगाया आले." पहिल्याच टेकला. दादा हेडफोन काढून माझ्याकडे बघत बसला.

१८ ऑगस्ट

एडिटिंग, एडिटिंग. ४३ मिनिटं झालीत. पहिल्या दुष्काळाच्या प्रसंगातून दोन मिनिटं कापली, म्हातारीचं रडणं जास्त होत होतं, तिने एकदाच बोलावं. बेडकांची क्लिप तीन ठिकाणी वापरलीय आणि तिसऱ्या ठिकाणी, ती त्याला विहिरीत सोडून घरी जाते तिथे, नुसते बेडूक पन्नास सेकंद. दादा म्हणाला लोक बंद करतील. मला नाही वाटत. पन्नास सेकंद ती चालतेय ना घराकडे.

त्या दोघांच्या मध्ये किती दिवस जातात ते आज ठरलं. पिवळा रंग उतरेपर्यंत. रखमा एका वाक्यात सांगते की चारीतले बेडूक परत मातीसारखे झाले, हळद उतरली सगळ्यांची, आणि दुसऱ्या पहाटे ती निघते. पिवळा असताना कुणाचंही लक्ष जातं. मला ती रंग उतरल्यावर जायला हवी होती.

२५ ऑगस्ट

सगळ्यांना एकत्र बसवून ऐकवली. लाईट बंद केले. ताई आणि भावजीही आले होते. जेवणाच्या प्रसंगाला भावजी मोठ्याने हसले. "तुजा शब्द तुला माघारी दिला" ला ताईने भाचीकडे बघितलं, भाची खाली बघत होती.

धावा तुटल्या तेव्हा नाना काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले मोटेचा आवाज परत लाव. लावला. म्हणाले थारोळ्यात पाणी पडताना उशीर झालाय, बैल थांबले की लगेच पडतं, तू मध्ये श्वास घेतलायस. मोजून बघितलं तर खरंच एक सेकंदाचा फरक आहे. दुरुस्त करायचा.

पुढच्या रविवारचा कार्यक्रम भाचीने स्वतः फोन करून पुढे ढकललाय असं ताई जाताना दारात म्हणाली. मुलाकडच्यांना सांगितलं म्हणे की आधी दोनदा नुसतं भेटून बोलायचंय, चहापोह्यांशिवाय. भावजी काय म्हणाले ते विचारलं नाही मी.

राहिलेली कामं: थारोळ्याचा एक सेकंद. बाविसाव्या मिनिटाला घाट्या फार मोठ्या वाजतात. आणि सुरुवातीच्या निवेदनात विहीर लिंबची नाही हे वाक्य दादाने घाईत म्हटलंय, ते परत घ्यायचं.